नाचघरातली खुर्ची

हौसामावशीच्या पडवीत एक खुर्ची होती आणि तिच्यावर पुरुषाने बसायचे नाही, असा मावशीचा कायदा होता. एकदा खुद्द सरपंच टेकायला गेले, तर मावशीने त्यांच्यापुढे प्लॅस्टिकची खुर्ची सरकवली. "भाऊ, तुमाला पंचायतीत हाय की. ही बायांची हाय." मी टाकव्याच्या शाळेत मास्तर आणि मावशीचा सख्खा शेजारी, पण मलाही सूट नव्हती.

खुर्ची दिसायला जरा विचित्रच. बारीक पितळी पाय, लाल रेक्झीनची बैठक आणि मधोमध दुभंगलेली पाठ. मावशी ऐन तारुण्यात विधवा झाली आणि लोणावळ्याला एका पारशी बाईसाहेबांच्या बंगल्यावर कामाला लागली. इटलीतल्या कुठल्याशा नाचघरासाठी अशा मोजक्याच खुर्च्या बनवल्या होत्या. ते बंद पडल्यावर बाईसाहेबांनी त्यातली एक हौसेने आणली. पुढे बंगला विकताना त्यांनी मावशीला सांगितले, काय हवे ते माग. भांडीकुंडी मागेल असे सगळ्यांना वाटले होते. "तीस वरसं पुसली, पन कदी टेकले न्हाई," म्हणत मावशीने खुर्ची मागितली.

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवेला बोलवत नाहीत. मावशीने स्वतःचे हळदीकुंकू सुरू केले, तेही फक्त विधवांचे. एकेकीला त्या खुर्चीवर बसवायची, कपाळाला कुंकू लावायची, ओटी भरायची. भावकीने तिच्याशी बोलणे टाकले. मावशी म्हणाली, "बोलत व्हते तवा तरी काय गोड बोलत व्हते?"

माझी आईही विधवा. दर वर्षी मावशी तिला बोलवायला यायची आणि दर वर्षी आई उंबऱ्यातूनच नको म्हणायची. तू जा, असे मी तिला एकदाही म्हटले नाही. शिकलेला म्हणवतो मी स्वतःला, पण ते मला सुचलेच नाही, याची आजही लाज वाटते.

मावशी गेल्या पावसाळ्यात गेली. त्याआधीच्या संक्रांतीची ही गोष्ट. तिच्या मुलाने, दत्तूने, खुर्चीचा फोटो मोबाईलवर टाकला आणि मुंबईचा एक जुन्या फर्निचरचा व्यापारी मागे लागला. दत्तूला घरावर स्लॅब टाकायचा होता. "गुरुजी, तुमचं ऐकंल ती," म्हणून त्याने मला गळ घातली आणि मीही कबूल झालो. रविवार ठरवला. त्याच दिवशी मावशीचे हळदीकुंकू आहे, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानात आले नाही.

दत्तू आणि मी व्यापाऱ्याला घेऊन गेलो तर पडवीत पंधराएक बायका आणि खुर्चीवर चांगली धिप्पाड अशी पारूबाई. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "अहो, त्यांना उठवा. फार दुर्मीळ वस्तू आहे. हिच्यावर कोणी बसत नाही."

"मंग काय डोक्यावर घेत्यात?" मावशी पारूबाईची ओटी भरतच म्हणाली.

मी दत्तूच्या स्लॅबचा विषय काढला. मावशीने हात थांबवला. "गुरुजी, बाईसाहेब सांगायच्या, नाचून दमलेल्या बायांनी घडीभर टेकावं म्हनून ही केलीया. आमी काय कमी दमलोय?"

मग ती म्हणाली, "इकायची तर इकू. पर आदी तुमच्या आईला आना. ती बसली का मंग बोलू."

मी घरी जाऊन आईला सगळे सांगितले. आई तांदूळ निवडत होती. "तू गेलतास ती इकायला?" एवढेच तिने विचारले. मग सूप बाजूला ठेवले, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्याआधी चालू लागली.

आई खुर्चीवर बसली. तेवीस वर्षांनी तिच्या कपाळाला कुंकू लागले. मावशीने ओटी भरली तेव्हा दोघी रडल्या, बाकीच्या बायकाही रडल्या. व्यापारी तेवढा घड्याळ बघत होता. थोड्या वेळाने त्याने मला खूण केली.

मी हळूच म्हणालो, "आई, झालं ना आता? ऊठ."

आईने पाठ टेकली, पाय लांब केले. "न्हाई उठत," ती म्हणाली.