काकू कोचीला भांडायला गेल्या

जगात आजवर जे जे चुकीचं घडलं, ते आमच्या शेजारच्या काकूंना न विचारता घडलं. निदान काकूंचं तसं ठाम मत होतं. दुधातलं पाणी, दुर्ग लोकलचा उशीर, भिलाईत सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरांच्या लायनीत भर दुपारी गेलेली वीज, कशाचाही त्यांना मनापासून संताप यायचा. आणि संताप आला की त्यांचा चेहरा चांगला टवटवीत दिसायचा. बोरसीला एका लग्नात वरणात मीठ कमी लागलं, तर त्या ताटावरून उठून थेट आचाऱ्याकडे गेल्या आणि स्वतःच्या हातानं पातेल्यात मीठ घातलं. पुढच्या पंगतीत कुणी वरण खारट म्हणालं, तेव्हा त्याच आचाऱ्याला त्यांनी फैलावर घेतलं. तो बिचारा छत्तीसगढी माणूस, "मोर का गलती हे, दाई?" एवढंच म्हणत राहिला.

पण काकूंचा सगळ्यात मोठा राग होता सिस्टरवर. सिस्टर म्हणजे भिंतीपलीकडच्या क्वार्टरमधल्या मल्याळी बाई, दवाखान्यात नर्स. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच राहिल्या. दोघींचं रोज भांडण व्हायचं, कधी खोबरेल तेलाच्या वासावरून, कधी कढीपत्त्याच्या वाढलेल्या फांद्यांवरून. आणि संध्याकाळी त्याच भिंतीवरून कालवणाची वाटी इकडची तिकडे जायची. काका गेले तेव्हा काकूंना पहिला घास सिस्टरनंच भरवला होता. मग सिस्टर निवृत्त झाल्या आणि "आता घरी जातो" म्हणून कोचीला मुलाकडे निघून गेल्या. काकू त्यांना पोचवायला स्टेशनवर आल्या नाहीत. पुढं सिस्टरचे फोन येत, तेव्हा काकू भर सकाळीसुद्धा सुनेला सांगायच्या, "सांग तिले, मी झोपली हाय."

त्यामुळे आम्ही नवरा-बायकोनं कोची पाहायला जायचं ठरवलं आणि काकू "मीबी येतो, समुद्र पाहाचा राहिला" म्हणाल्या, तेव्हा मला नवल वाटलं. मी काही विचारणार तोच बायकोनं डोळ्यांनी गप्प केलं.

कोचीनं काकूंना पोचल्या पोचल्या दुखावलं. "आपल्या इथं ऊन राहते, पन घाम सुकते तरी. इथं तं मानूस शिजून राहिला." समुद्र त्यांना गढूळ वाटला. किनाऱ्यावर मासेमारीची ती प्रचंड चिनी जाळी पाहून सगळे प्रवासी फोटो काढत होते, माणसांनी दोर ओढून जाळं वर आणलं, त्यात मूठभर मासे निघाले, आणि काकू म्हणाल्या, "एवढं मोठं जाळं, आन एवढुसे मासे. यायले सांगाले कोनी नाही का?" जुन्या पेठेत एका दुकानदारानं अभिमानानं हिंदीत सांगितलं की या गल्ल्यांत यहुदी, गुजराती, कोकणी, तमिळ, सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आले आहेत. हा काकूंना भिलाईचा सरळसरळ अपमान वाटला. "हमारे लाइन में बंगाली है, तेलुगू है, सरदारजी है, बिहारी है," त्या म्हणाल्या, "और नल में पानी सबके घर एक ही टाइम आता है. हम लोग टिकट लगाते क्या देखने का?" दुकानदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काकू नवी साडी नेसून आल्या. "तिचा पत्ता हाय ना तुह्यापाशी? चाल. मले तिले एक गोष्ट विचाराची हाय."

सिस्टरचं घर खाडीपलीकडच्या बेटावर होतं. आम्ही बोटीनं गेलो. सिस्टर ओसरीवर बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. काकूंना पाहून त्या उठायला लागल्या, पण त्यांना चटकन उठता येईना. काकूंनी चपलाही काढल्या नाहीत.

"घरी जातो म्हनून आली ना वं तू? मंग तिथं भिलाईले इतके साल कोनाच्या घरी होती?"

सिस्टरनं शेजारची खुर्ची पुढं ओढली. मग भिलाईच्याच मराठीत म्हणाल्या, "बस आधी. इथं मले सगळे भिलाईवाली म्हनतेत. माह्यं मल्याळम ऐकून नातू हसतेत. पोरगा इथं हाय, म्हनून मी इथं हाय. घर कोनतं, ते नको विचारू मले."

काकू बसल्या. तेवढ्यात सिस्टरची सून चहा घेऊन आली, आणि "कोन हसते हिले?" म्हणून काकूंनी तिलाच झाडलं. त्या मुलीला एक अक्षर कळलं नाही, तरी तिनं मान खाली घातली. मग चहा पाणचट आहे म्हणून काकू स्वतःच स्वयंपाकघरात शिरल्या. सिस्टर भिंत धरत धरत त्यांच्यामागे गेल्या, आणि दुपारभर आतून भांडणाचा आवाज येत राहिला.

निघताना सिस्टर सुनेचा हात धरून धक्क्यापर्यंत आल्या.

"ये कवातरी," काकू म्हणाल्या.

"गुडघे चालत नाहीत वं."

"माहे कुठी चालतेत? मी आली का नाही?"

दोघींनी पुढचं काही ठरवलं नाही.

परतीच्या बोटीत काकू पाठमोऱ्या बसल्या, मागच्या किनाऱ्याकडे तोंड करून. "इकडे या, वारा चांगला आहे," बायको म्हणाली. "मले इकडूनच बरं वाटते," त्या म्हणाल्या. धक्क्यावर सिस्टर खांबाला धरून उभ्या होत्या. बोट वळली तशा त्या नारळांच्या आड गेल्या. काकू तरी तिकडेच पाहत राहिल्या. पलीकडच्या धक्क्यावर नावाड्यानं बोट इतक्या जोरात आदळली की सगळे एकमेकांवर पडले. कुणाची पिशवी पाण्यात गेली, लोक नावाड्यावर तुटून पडले. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्या हाताचा आधार घेऊन उतरल्या, आणि कोणालाच काही बोलल्या नाहीत.