गुड फ्रायडेचं पाणी

आमच्या कामिगिन बेटावरच्या होडीवाल्यांत क्रिस्पुलोइतका, म्हणजे आमच्या पुलोइतका, भित्रा माणूस दुसरा नव्हता. एरवी तो सुटीवर आलेल्या पाहुण्यांना पांढऱ्या वाळूच्या बेटावर न्यायचा, डुंबायला उतरवायचा, मागे ज्वालामुखी येईल असे त्यांचे फोटोही काढून द्यायचा. पण गुड फ्रायडेला पाण्याला बोट लावायचा नाही. तसं त्या दिवशी आमच्याकडे कुणीच समुद्रात उतरत नाही, त्या दिवशी झालेल्या जखमा भरत नाहीत म्हणतात. पुलोचं मात्र प्रकरण निराळं. लेक रोवेना लहानपणी तापाने फणफणली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो क्रूसावरच्या देवाला नवस बोलला होता: हिला जगव, तुझ्या दिवशी जन्मभर समुद्राला शिवणार नाही. पोर वाचली. शेजारी चिडवायचे, आज आंघोळ तरी केलीस का रे? तो हसायचा, पण आतून टरकलेला असायचा.

त्या शुक्रवारी सगळं गाव नेमाप्रमाणे अनवाणी बेटाच्या प्रदक्षिणेला निघालं होतं. ऊन मी म्हणत होतं. पुलोही जपमाळ ओढत चालला होता. एवढ्यात खाली किनाऱ्यावरून एका बाईची किंकाळी आली. सुटीवर आलेल्यांना कुठला वार नि कुठलं काय! तिची लहानगी वल्ह्याने चालवायच्या तरंगत्या फळीवर बसून खेळत होती, तिला वाऱ्याने आत ओढून नेलं होतं. किनारा ओस. वर ओढलेल्या होड्यांत सगळ्यात जवळची पुलोचीच.

बरोबरचा पोन्सियो हळूच म्हणाला, "तटरक्षकांना कळवलंय, येतील ते. तू कशाला स्वतःच्या पोरीचा जीव टांगणीला लावतोस?"

पुलोला अगदी हेच ऐकायचं होतं. तो उभाच राहिला. मग एक लाट आली आणि फळी नुसतीच वर आली, पोर दिसेना. तो धावत सुटला. होडी ढकलताना पाणी कमरेला लागलं तेव्हा तो "रोवेना, रोवेना" म्हणत रडत होता.

मुलगी फळीची दोरी धरून लोंबकळत होती. तिला आणून आईच्या ओटीत घातलं, तशी बाई त्याच्या पाया पडू लागली.

"पाया नका पडू," पुलो म्हणाला. "माझ्या लेकीचं नाव रोवेना. तिच्यासाठी देवाकडे मागा. रोज मागा."

बाईला काही कळलं नाही, पण तिने ते नाव दोनदा म्हटलं.

प्रदक्षिणा अर्धी टाकून तो तडक घरी आला. रोवेना चुलीवर नारळाच्या दुधात रताळी, केळी शिजवत होती. तिने त्याची ओली पँट बघितली आणि तिचा चेहरा उतरला; नवस तिलाही ठाऊक होता.

"कोण बुडत होतं?"

"मनिलाकडची पोरगी."

"जगली?"

"जगली."

"मग खाऊन घ्या, बाबा."

तिने वाटी पुढे केली. त्याला घास गिळवेना. तेवढ्यात धुराने तिला साधा ठसका लागला, आणि बापाच्या हातून वाटी खाली पडली. काही नाही हो, धूर आहे, असं म्हणत ती हसली. पण तो वाटी उचलायला वाकला, तेव्हा तिने हळूच स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.