ओ द्यायची राहिली

मुलुंडात कुणाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की लोक म्हणत, गुणाजीला बोलवा. मशीनला नुसता कान लावला तरी तिचं कुठं दुखतंय ते त्याला कळे. त्या हुन्नराचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. काम करताना गिऱ्हाइकापुढं तोंड मात्र त्यानं कायम मिटलेलं ठेवलं.

कंपनीनं अंधेरीला एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं होतं, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं याचं. शिकवायला गार्गी नावाची तरुण मुलगी. ती म्हणाली, "लिफ्ट अडकली असेल तर हत्यारं काढायच्या आधी आतल्या माणसाला आवाज द्या."

मागून गुणाजी म्हणाला, "मॅडम, लिफ्ट काय गोड बोलून वर येते?"

सगळे खो खो हसले. जेवणाच्या सुट्टीत दोघातिघांनी पाठीवर थाप मारली. "झकास, गुणाजी!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका इमारतीत सुंदराबाई अडकल्या. पाचव्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी. गुणाजी थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. दोर जिथून खाली उतरतात त्या भोकातून हाक येत होती, "कुणी आहे का रे? अरे, कुणी आहे का?"

त्यानं ऐकलं. मनात म्हणाला, काढतोच आहे की. मग वीज तोडली. तसा आतला दिवाही गेला. खालून एक किंचाळी आली. ब्रेक सोडून त्यानं चाक हातानं फिरवलं. अंधारात पायाखालची जमीन हलताना त्या बाईला काय वाटलं असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. हाका थांबल्या तेव्हा उलट त्याला बरंच वाटलं.

पाचव्या मजल्यावर त्यानं दार उघडलं. सुंदराबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. भिजलेलं पातळ पायांना चिकटलेलं, लादी ओली.

"तू वरच होतास ना?" त्यांनी विचारलं.

गुणाजीनं त्यांना उठवायला हात पुढे केला.

जिन्यात पावलं वाजली. म्हातारीनं त्याची बाही धरली. "बाळा, लोकांना येऊ देऊ नको रे."

"काय रे, सुटल्या का?" खालून सेक्रेटरी ओरडला.

"थांबा तिथंच!" गुणाजी दारात आडवा उभा राहिला. "ग्रीस सांडलंय, घसरून पडाल!"

त्यानं आपला रेनकोट त्यांच्या कमरेला गुंडाळला, त्यांना घरात पोचवलं, आणि आपल्या पंच्यानं लिफ्ट पुसली. खाली आल्यावर सेक्रेटरी म्हणाला, "पटकन काढलंस हां, मानलं तुला." गुणाजीला मान वर करवेना.

पुढच्या महिन्यात तो सर्व्हिसिंगला आला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सुंदराबाई कठडा धरून उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी.

"आजी, लिफ्ट चालू आहे."

"माहीत आहे. तुझं काम चोख असतं. माझंच मन होत नाही."

त्यानं पिशवी घेतली आणि मागं मागं चालू लागला. त्या थांबल्या की तोही थांबे. दारापाशी त्या किल्ली शोधू लागल्या, तेव्हा कुठं त्या दिवसाबद्दल त्याचं तोंड उघडलं.

"आजी, तुमची हाक ऐकली होती मी."

"ते मला तेव्हाच कळलं होतं, बाळा," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि दार हळूच लावून घेतलं.