अक्षता ओव्हाळचा सत्कार

अक्षता ओव्हाळ कारखान्यांना वीजबिल कमी करून द्यायची. विश्रांतवाडीतल्या घराची पुढची खोली हेच तिचं ऑफिस. नोकरी सोडली तेव्हा वडील, भीमराव, म्हणाले होते, "बरं केलंस. कुणाची हांजी हांजी नको."

काम चोख होतं. पैसे रखडायचे. स्वारगेटच्या पुढे रावसाहेबांचं कोल्ड स्टोरेज होतं. त्यांचं वीजबिल तिनं चांगलंच खाली आणलं. तिचं स्वतःचं बिल मात्र तिथेच गारठून पडलं. त्यावरचा जीएसटीही तिनं पदरचा भरला होता. आधी तिनं नम्रपणे आठवण करून दिली. मग जरा कमी नम्रपणे. मग फोन.

"अहो ताई, तुम्ही घरच्याच," रावसाहेब म्हणायचे. "घरच्यांचे पैसे कुठे पळतात?"

"पळत नाहीत, पण चालतही नाहीत," अकाउंट्सच्या रुपालीताई नंतर फोनवर हळूच म्हणाल्या.

इकडे कर्जाचे हप्ते थकले. जुनी कंपनी परत बोलवत होती, सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. रावसाहेबांचे पैसे आले तर ती नाही म्हणू शकणार होती. आणि शुक्रवारी त्यांचाच फोन आला. "उद्या या. तुमचं सगळं करून टाकू."

ती गेली. आवारात मांडव होता. कंपनीचा वर्धापनदिन. तिला पुढे बसवलं, नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, गुच्छ.

"या पोरीनं आपले लाखो रुपये वाचवले!" रावसाहेब माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. माइक तिच्या हातात आला. समोर जिलेबीच्या प्लेटा घेऊन कामगार बसले होते. पैसे मागायचं, आठवडाभर घोकलेलं वाक्य ओठांवर होतं.

"आभारी आहे," ती म्हणाली.

खाली उतरून तिनं रुपालीताईंना गाठलं. "पेमेंटचं?"

रुपालीताईंनी मान खाली घातली. "साहेबांनी तुमच्या नावापुढे खूण केलीय. म्हणाले, ताईंचं झालं."

"झालं म्हणजे?"

"अहो, हा सत्कार नाही का आत्ता झाला? भांडायचं तर आत्ताच भांडा. उद्या ते तिरुपतीला चाललेत."

तेवढ्यात रावसाहेबांनी हाक मारली. "ताई, या ना! फोटोत तुम्ही मधे!"

सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी तिच्यासाठी जागा केली. ती गेली आणि मधे उभी राहिली.

संध्याकाळी भीमराव तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवत बसले.

"साहेबांनी पैसेही दिले असतील ना गं?"

"हो, बाबा."

"बघ. नोकरी सोडलीस ते बरं केलंस, मी म्हणत नव्हतो?"

ती पुढच्या खोलीत गेली. जुन्या कंपनीला तिनं कळवलं, येते. उत्तर लगेच आलं. पगार पूर्वीपेक्षा कमी होता. तिनं तोही मान्य केला.