नळ कोणी आणला?

जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाकडे राजकारणाचे किस्से न मागता साचतात. माझ्याकडचे बहुतेक सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीतले, आणि त्यांत माणसं दोनच. देवराव आणि शामराव! घरं शेजारी, पक्ष वेगळे. मतदानाच्या दिवशी मतदारांना चिठ्ठ्या द्यायला दोघांची टेबलं समोरासमोर लागायची आणि गल्लीत नळ कोणत्या पक्षानं आणला यावर दिवसभर जुंपायची. चहा मात्र शामरावांच्या घरून दोन्ही टेबलांवर यायचा.

*

एकदा 'पक्ष कशासाठी असतात' हा धडा होता, म्हणून मी दोघांना वर्गात बोलावलं. मोठी चूक! निवडणुका लढवणं, धोरणं ठरवणं, लोकांचं म्हणणं सरकारपर्यंत नेणं, एवढं मी फळ्यावर लिहीपर्यंत मागे नळावरून वाद सुरू झाला होता.

एका मुलीनं विचारलं, देशात एकच पक्ष ठेवला तर भांडणं मिटतील ना?

"मिटतीन ना पोरी," देवराव म्हणाले. "पण मंग नळ बंद पडला तं बोंबलन कोण?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझा धडा तिथेच संपला.

*

मग वरच्या लोकांनी मुंबईत बसून दोन्ही पक्ष एक केले. आम्हाला टीव्हीवरून कळलं.

पुढच्या निवडणुकीत दोघांना मिळून एकच टेबल. गळ्यात एकाच रंगाचे दुपट्टे घालून दोघं शेजारी बसले. दुपारपर्यंत एक शब्द नाही. शेवटी देवरावांनी दुपट्टा काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि उठले.

"सामने कोणीच नाही, गुरुजी," मला म्हणाले. "मी बोलू कोणासंग?"



*

त्यानंतर देवराव खचलेच. धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलं तोवर बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. एकही नेता फिरकला नाही. शामराव मात्र रोज जायचे आणि खाटेशी बसून मोठ्यानं सांगायचे, नळ आमच्याच पक्षानं आणला. नर्स रागवायची. देवरावांच्या पत्नी सुमनताई तिला म्हणायच्या, "बोलू दे वं त्यायले."

एका संध्याकाळी देवरावांनी डोळे उघडले. "खोटं," म्हणाले.

शामराव बाहेर बाकावर येऊन रडले. मलाही आवरलं नाही. तो देवरावांचा शेवटचा शब्द ठरला.

*

शोकसभा गल्लीतच झाली. आता मात्र नेते आले. देवराव एकत्रित पक्षाचे कसे निष्ठावंत होते, हे प्रत्येकानं सांगितलं. मग शामरावांनी माइक घेतला.

"देवरावच्या पक्षानं या गल्लीसाठी काहीच केलं नाही," ते म्हणाले. "नळ आमच्या पक्षानं आणला."

एका नेत्यानं मला खूण केली, यांना खाली बसवा. शामराव माइकपाशी उभेच होते. एवढं बोलून उत्तरासाठी थांबायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय होती.

बायकांमधून सुमनताई उठल्या. पदर सारखा केला.

"खोटं आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "नळ आमच्या पक्षानं आणला."