सात मेंढरांचं पाणी

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक सोय आहे. कुठल्या नावात काय बसणार, आकडा की अक्षरं, हे शेजारी आधीच लिहून ठेवायचं. मग तपासणीचं एक सॉफ्टवेअर, मी त्याला तपासनीस म्हणतो, प्रोग्राम न चालवताच सगळा कोड वाचतं आणि कुठं गफलत झालीय ते दाखवतं. आष्ट्यात घरी बसून काम करताना माझा या तपासनिसावर भलताच जीव जडला होता. त्यानं ‘एकही चूक नाही’ म्हटलं की मी चहाला उठायचो आणि बायकोशी उगीचच रुबाबात बोलायचो.

त्या उन्हाळ्यात जतकडच्या माझ्या सासरवाडीत टँकर सुरू झाला. कुणाच्या हौदात किती पाणी सोडायचं, यावरून रोज तंटा. जनावरांच्या संख्येवर वाटणी करणारा प्रोग्राम मी हौसेनं लिहिला. गावानं कागदावर यादी करून फोटो पाठवला, ती मी कोडमध्येच टाइप केली. सासऱ्यांच्या नावापुढं होतं, मेंढरं ७. मेंढरांच्या जागी पूर्णांक हवा, सात हा पूर्णांक. तपासनीस खूश, मी त्याहून खूश. वाटणीचा तक्ता गावाला पाठवला आणि ‘आता चूक होणं शक्यच नाही,’ असं सासऱ्यांना फोनवर सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. “जावईबापू, टँकर येऊन गेला. हौदाचा तळ बी झाकला न्हाई. मेंढरं लय वरडाय लागल्यात.”

दुपारी पोचलो तेव्हा कळप शेजाऱ्याच्या बोअरपाशी पाळी लागायची वाट बघत होता. एक गाभण मेंढी उठायलाच तयार नव्हती. सासरे तिला तांब्यानं पाणी पाजत होते. मी कागदाचा फोटो पुढं केला. “मामा, तुमी सातच लिवलंय की.”

“मग? सात इसा. आमी मेंढरं इसानंच मोजतो.”

सात वेळा वीस. एकशेचाळीस तोंडं, आणि पाणी सातांचं.

मी तपासनिसाची बाजू मांडायला लागलो. आकडा आहे एवढंच त्याला कळतं, तो कशाचा आणि खरा किती, ते नाही. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“त्याचं बरूबर हाय,” ते म्हणाले. “त्यो बिचारा कवा आलाय आपल्याकडं?”

मला लाज वाटली. मी सहा वर्षं त्या घरचा जावई होतो. दर खेपेला ती मेंढरं अख्खा रस्ता भरून चालायची आणि मी मागं हॉर्न वाजवत थांबायचो. तरी तो सातचा आकडा मी माझ्याच हातानं टाइप केला, आणि मला काहीसुद्धा खटकलं नाही.