माझ्या इंजिनाचा आवाज

कोणतंही यंत्र उघडण्याआधी बालाजी त्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून घ्यायचा. विहिरीवरची मोटर असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर कुणाच्या घरचा मिक्सर. आधी मोबाइल त्याच्याजवळ धरायचा, डोळे मिटायचे आणि आजूबाजूच्या सगळ्यांना हातानंच गप्प करायचं. मग पाना उचलायचा. लोक पंगतीत बसल्यावर मोबाइलमधले लेकराबाळांचे फोटो दाखवतात. हा गडी शेजारच्याला उदगीरच्या कुठल्याशा गिरणीचं बेअरिंग गेल्याचा आवाज ऐकवायचा. आणि लोक ऐकायचे हो! मी गिरणीविषयी बोलायला लागलो की तेच लोक वाढप्याला हाक मारतात.

बालाजी माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लातूरला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, पुढं पुढं बॅटरीवरच्या रिक्षाही दुरुस्त करायला लागला. माझं बिलोलीत गॅरेज आहे. आमचे सासरे देवणीजवळच्या एका खेड्यात राहतात, त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांना दोन मुलीच. मी थोरला जावई आणि बरीच वर्षं एकटाच. एकट्या जावयाचं सुख काय असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. मी ओसरीवर टेकलो की घरात धावपळ व्हायची, आणि मामा स्वतः उठून उशी आणून द्यायचे.

मग बालाजी आला. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला हा ओसरीवर बसलाच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला, पाटावर बसला आणि मामींचा बंद पडलेला मिक्सर मांडीवर घेतला. तो मिक्सर कित्येक वर्षं बंद होता आणि मी कित्येक वर्षं तो बघत होतो, पण जावयानं सासुरवाडीच्या मिक्सरला हात लावायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी त्यात चटणी फिरली. मामी प्रत्येक आल्यागेल्याला ती चटणी चाखायला देत होत्या. मीही खाल्ली. तिखट होती.

मामा मला आजतागायत 'पाव्हणं' म्हणतात. बालाजीला त्यांनी वर्षाच्या आत 'बाळ' म्हणायला सुरुवात केली. पाव्हणं म्हणण्यात मान आहे, हे माझ्या बायकोनं मला अनेकदा समजावलंय. असेल. पण त्यांनी अंगणातून 'बाळा, इकडं ये की रं' अशी हाक मारली की ओसरीवर बसलेला मीही उगाच चपला शोधायला लागायचो.

बरं, माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. बायकोचं ऐकून तोही मला दाजीच म्हणायचा. बसायला चांगली जागा मला द्यायचा. अडलेलं कुठलंही काम पुढं आलं की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "त्यात काय हाय, दाजी?" आणि खरंच त्यात काही नसायचं, त्याच्यासाठी. दुसरं वाक्य होतं, "आवाज खोटं बोलत न्हाई." हे तो इतक्यांदा म्हणायचा की माझ्या पोरीही त्याची नक्कल करायच्या. नक्कल माझीही करतात, पण ती मला ऐकवत नाहीत.

माझ्याकडं हुकमाचं पान एकच होतं, ते म्हणजे बग्गी. मामांच्या देवणी गाई ओढ्यापलीकडच्या रानात असतात. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांब कान, आणि मामांचा सगळा जीव त्यांच्यात. पुढं मामांचे गुडघे गेले. ओढ्यातून, काळ्या चिखलातून त्यांना चालवेना, आणि गाई दिसल्या नाहीत की ते जेवेनात. तेव्हा मी बिलोलीत लोखंडी पाइप वाकवून एक गाडी बांधली. जुन्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन, चार जाड टायर, ना दार ना टप. चिखल असो, दगड असो, ती कुठंही चढायची. मी ती टेम्पोत घालून नेली त्या दिवशी सगळं गाव गोळा झालं होतं. मामा तिच्यात बसून गाईंकडं गेले, आणि परत आल्यावर चारचौघांत म्हणाले, "पाव्हण्यानं मला पाय दिले." त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

बग्गीत खोडी होत्या, नाही असं नाही. थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. धुरानं मामांना खोकला यायचा. पेट्रोल आणायला देवणीला जावं लागायचं. आणि क्लच दाबायला गुडघा लागतो, तो मामांकडं नव्हता, म्हणून गाडी कायम सालगडी चालवायचा आणि मामा शेजारी बसायचे. सालगडी गावाला गेला की मामा ओसरीवर. पण या खोडी मला ठाऊक होत्या, त्या बालाजीनं सांगायची गरज नव्हती.

त्यानं त्या सांगितल्याही नाहीत. मागचा धोंड्याचा महिना पावसाळ्यात आला होता. आम्हा दोघा जावयांना जोडीनं बोलावणं आलं, मामींनी पुरणाचे धोंडे केले, दोन पाट मांडले, दोन समया लावल्या. जेवण झाल्यावर मामांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, काय हवं ते मागा. मी 'तुमचा आशीर्वाद' असं म्हणून टाकलं, जसं म्हणतात तसं. बालाजी हात पुसत म्हणाला, "मला दाजींची बग्गी द्या मामा थोडे दिवस. बॅटरीवर करून देतो. मंग तुम्ही सोता चालवा."

धोंड्याला जावयानं मागितलेलं नाही म्हणता येत नाही. मामांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, त्यात काय, करा की. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आणि त्यावर त्याचा चांगुलपणा बघा. इंजिन तुम्हीच उतरवा म्हणाला. दुसऱ्याच्या हातची वस्तू आहे, मला तिला आधी हात लावायचा नाही. म्हणजे मीच बिलोलीहून साखळी-कप्पी घेऊन यायचं आणि माझ्याच हातानं माझं इंजिन काढायचं! काढण्याआधी त्यानं सवयीप्रमाणं मोबाइल काढला, सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाला, "हां दाजी, मारा सेल्फ." मी सेल्फ मारला. ते एकदा घरघरलं, दोनदा घरघरलं, मी खोकलो, आणि तिसऱ्यांदा फाटफाट करत लागलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, आता काहीतरी चूक काढणार. त्यानं फक्त 'बेस हाय' म्हणून मोबाइल खिशात ठेवला.

पुढचं काम गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली चाललं. गिअरबॉक्स त्यानं माझाच ठेवला. इंजिनाच्या जागी रिक्षाच्या मोटरपेक्षा दांडगी मोटर, टाकीच्या जागी चार्जर, सीटखाली बॅटऱ्या. मोटर आणि गिअरबॉक्स जोडायची लोखंडी प्लेट त्यानं उदगीरहून लेथवर करून आणली. पहिल्यांदा चालवली तेव्हा गाडी अशी थरथरली की बोल्ट सुटायला लागले. मला बरं वाटलं. दुपारभर बरं वाटलं. पण चुकीचं बसलेलं काम डोळ्यांसमोर ठेवून चहा पिणं मला जमत नाही, तेव्हा शेवटी मीच सांगितलं की प्लेटचं मधलं भोक जराशानं सरकलंय. प्लेट बदलली, थरथर गेली. तर हा पठ्ठ्या गावभर सांगत सुटला की दाजींनी सांगितलं म्हणून झालं, मी तर नुसता तारा जोडायलो. असं बोलणाऱ्या माणसावर नीट चिडताही येत नाही.

क्लचचं पायडल त्यानं काढूनच टाकलं. गिअर दुसऱ्यात कायमचा अडकवला, मागं घ्यायला एक खटका. दाबलं की पुढं, सोडलं की थांब. मामा आयुष्यात पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बसले. धोतर सावरलं, पाय ठेवला आणि गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही, चिखलात चाकांची चपचप तेवढी ऐकू येत होती. म्हातारा हसत होता लहान लेकरागत. मी त्यांना गाडी दिली होती, पण चालवायला दिली ती यानं, आणि हे मला तिथं उभं राहून बघावं लागलं.

आम्ही चालत मागून गेलो. ओढा ओलांडून मामा कुंपणाशी पोचले होते. गाई लांब चिंचेखाली बसल्या होत्या. रोज इंजिनाची फाटफाट ओढ्यापलीकडून ऐकू आली की त्या उठायच्या, कुंपणाकडं धावत यायच्या, हंबरायच्या, कारण त्या आवाजामागं मामा आणि सरकीची पेंड असायची. त्या दिवशी एकही उठली नाही. मामांनी हाका मारल्या, पण त्यांचा आवाज आता तिथवर पोचत नाही. एका गाईनं मान वळवून बघितलं आणि परत रवंथ करायला लागली. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "माझी वळख गेली की रं."

खरं सांगतो, मला आनंद झाला. मामांचं तोंड उतरलेलं दिसत होतं, तरी झाला. माझ्या इंजिनाची किंमत आज त्या गाईंनी केली होती. बालाजी मात्र पहिल्यांदाच 'त्यात काय हाय' म्हणाला नाही. तो त्याच संध्याकाळी लातूरला निघून गेला.

आला तो भंगारवाल्यांच्या गाडीवर असतो तसला भोंगा घेऊन. तो पुढच्या पाइपाला आवळला, वायर जोडली, चालू करायच्या खटक्याशी बांधली आणि मामांना म्हणाला, आता दाबा. भोंग्यातून आधी त्याचाच आवाज आला, "हां दाजी, मारा सेल्फ." मग घरघर, घरघर, माझा खोकला, आणि मग माझं इंजिन फाटफाट करत लागलं. सगळे पोट धरून हसले. मामा ओढा ओलांडायच्या आत चिंचेखालच्या गाई उठल्या होत्या, आणि ठिपक्यांची थोरली कुंपणाला मान घासत हंबरत होती.

मामा परत येताना म्हणाले, "गाईस्नी फसवायलास का रं, बाळा?"

"फसवायलो कशाला, मामा? दाजींचीच गाडी न्हाई का ही?"

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, सुरुवातीचं ते बोलणं आणि माझा खोकला तेवढा काप. लोक हसतात. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की दाजी. माझ्या तोंडून तुमचं नाव येतंय, त्यानं कळतं गाडी कुणाची हाय ते." माझं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली, आणि त्याच्या आवाजाची वाहवासुद्धा यालाच.

बालाजी गेल्या हिवाळ्यात गेला. दुकानात स्टुलावर बसून मोटर गुंडाळत होता, छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. वय जायचं नव्हतं. मी लातूरला पोचलो तेव्हा मामा दारात भिंतीला टेकून बसले होते. मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाले, "माझा ल्योक गेला, पाव्हणं." मी रडत होतो, साडूसाठीच रडत होतो, आणि त्या रडण्यातही ते 'ल्योक' आणि ते 'पाव्हणं' मला टोचलं. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मला जमलं नाही.

यंदा परत धोंड्याचा महिना आला, ऐन उन्हात. मामी म्हणाल्या, घरात दुःख आहे, पण जावयाला बोलावलं नाही तर तिच्याही जिवाला लागेल. 'तिच्या' म्हणजे मेव्हणीच्या. म्हणून गेलो. मामींनी सवयीनं दोन पाट आणले, एक परत भिंतीला लावून ठेवला. मी एकटा जावई. पुष्कळ वर्षांपूर्वी हाच मान मला मिळायचा आणि मला तो परत हवा होता. आता मिळाला. पानातला एक धोंडा मी कसाबसा संपवला. मेव्हणी वाढायला आली, 'दाजी, अजून एक घ्या' म्हणाली, आणि मी घेतला.

ऊन कलल्यावर मामा म्हणाले, चला गाईंकडं. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यामुळं चालवायला मी आणि ते शेजारी. मी खटका दाबला.

"हां दाजी, मारा सेल्फ."

"हाव बाळा, निघालो," मामा म्हणाले. सालगडी सांगत होता, ते रोज असंच उत्तर देतात, त्याच्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. मागं एका पोरानं सुरुवातीचं बोलणं कापून देतो म्हटलं तर मामांनी त्याला अंगणातून हाकलून दिलं होतं.

मामा माझ्याशी बोलतच नव्हते. आणि बालाजी मात्र माझ्याशीच बोलत होता. त्या गाडीत सेल्फ नाही, इंजिनही नाही, मी माझ्याच हातानं ते उतरवलंय. तरी बालाजीचा आवाज आला तसा माझा हात किल्लीच्या जागी गेला, आणि भोंग्यातलं इंजिन लागेपर्यंत मी तो तिथंच धरून बसलो.